ड्रायव्हरचं सावकाश गाणं

सकाळपासून कोरडा, बोचरा वारा सुटला होता. व्यायामखोलीची खिडकी सारखी आपटत होती. ठेकाबाईंनी तिच्या फटीत कागदाची घडी खुपसली, चालायच्या दोन्ही दांड्या पुसल्या, फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या अंगठ्याने दाबून पाहिल्या. हे सगळं करताना त्यांचा एक डोळा कॉम्प्युटरसमोर बसलेल्या धाकट्या दिरावर होता.

इस्पितळाच्या या खोलीत त्या बावीस वर्षं माणसं चालवत होत्या. कुणाची एक बाजू लुळी पडलेली, कुणाचं मांडीचं हाड जोडलेलं. बाई गाणं लावायच्या आणि म्हणायच्या, आता ठेक्यावर पाय टाका. प्रत्येकाचा पाय वेगळा, म्हणून प्रत्येकाच्या गाण्याचा वेगही वेगळा. होडीचं एकच गाणं त्यांनी पाय बघून हळू-जलद करून पन्नासेक पेशंटांच्या फोल्डरांत ठेवलं होतं, आणि जवळजवळ सगळीकडे नाव एकच, ‘होडी’. बाकीच्या गाण्यांचीही तीच तऱ्हा.

आता कॉम्प्युटर तुडुंब भरून रडतखडत चालायला लागला होता. कारकून म्हणाला, जागा करा, नाहीतर आम्ही करू. त्यापेक्षा घरचा दीर बरा. बरा म्हणजे तरी किती, तर याच माणसाने बाईंच्या लग्नाच्या कॅसेटवर क्रिकेटची मॅच भरली होती.

“वहिनी, तीनशे बारा गाणी दुबार आहेत. उडवू?”

“हात लावू नका. नाव एक म्हणजे गाणं एक नव्हे.”

“बरं, मग नाव बघतच नाही. आतला माल अगदी तंतोतंत सारखा असेल तेवढंच शोधतो.”

“माल कोण बघणार?”

“प्रोग्रॅम.”

“त्याला कान आहेत?”

दिराने प्रोग्रॅम चालू केला. नव्या यादीत एकेचाळीसच निघाली. बाई स्टूल ओढून त्याच्या खांद्याशीच बसल्या आणि एकेक वाजवून घेऊ लागल्या. अठराव्याला त्यांचा चेहरा बदलला. मूळ ‘होडी’ आणि ड्रायव्हरच्या फोल्डरातली ‘होडी सावकाश’ ही जोडी यादीत होती.

ड्रायव्हर म्हणजे सव्वीस वर्षं बस चालवलेला माणूस, आणि आता डावा पाय त्याचं ऐकत नव्हता. सोमवारी डॉक्टर त्याला व्हरांड्यात चालवून बघणार होते. ठेका सुटला नाही तर घरी, सुटला तर अजून महिनाभर हीच खाट.

“याचं गाणं मी स्वतः हळू केलंय,” बाई थंडपणे म्हणाल्या. “तुम्ही काय केलंत याच्यावर?”

“काही नाही. तारीख बघा ना. तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार. मी तेव्हा गावातसुद्धा नव्हतो.”

“तारखा बदलता येतात.”

“येतात. पण मला काय पडलीय वहिनी? मी ड्रायव्हरला ओळखत पण नाही.”

बाईंनी दोन्ही गाणी लावली आणि घड्याळाकडे बघत मांडीवर ठोके मोजले. मिनिटाला ऐंशी. दुसऱ्याचेही ऐंशीच. त्या मंगळवारी वेग कमी करून ठेवण्याआधीच कुणीतरी हाक मारली असणार, आणि फोल्डरात गेली ती नुसती नक्कल. दिरावरचा संशय काढायला बाईंना जड गेलं. तो आता ठेवायचा कुणावर?

तेवढ्यात ड्रायव्हर वॉकर ढकलत आला.

“या. गाणं कसं वाटतंय हल्ली?”

“घाईचं. तीनदा सांगितलं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, गाणं बरोबर आहे, पाय आळशी झालाय.”

दीर पडद्याकडे बघून गालात हसला. बाईंनी तिकडे पाठ केली आणि गाणं लावलं. ड्रायव्हर दांड्यांमधून निघाला. डावा पाय घासत होता, पण ठोक्यावर पडत होता. वळताना दोन ठोके चुकले, तिसऱ्याला त्याने गाठलं. तरी बाईंचं समाधान होईना. पाठ झालं असेल मेल्याला. त्यांनी गाणं मध्येच बंद केलं आणि भलत्याच कडव्यापासून सुरू केलं.

“आता हे काय?” ड्रायव्हर थबकला. “उलटतपासणी?”

“चला मुकाट्याने.”

तो चालला. भिंतीपर्यंत गेला, परत आला, पाय पुन्हा ठोक्यावर. म्हणजे पाय तीन आठवडे खरंच या वेगाने चालत होता, आणि त्या उगाच त्याला आळशी म्हणत होत्या.

“सोमवारी हेच लावते,” बाई त्याला म्हणाल्या. “याहून हळू आता तुम्हाला देणार नाही.”

“म्हणजे गाणं घाईचंच होतं ना?”

“पाणी प्या आधी.” मग दिराकडे वळून म्हणाल्या, “त्याची ती सावकाश लिहिलेली उडवा. मूळ राहू दे. आणि बाकीची तेवीस मी ऐकल्याशिवाय हलवायची नाहीत.”

“आता माझ्यावर भरवसा आहे ना?”

“बसलेय की मी इथेच.”

बटण दाबून होईपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही. मग ड्रायव्हरला खुर्चीत बसवून त्यांनी त्याचा वॉकर मांडीवर आडवा घेतला, आणि वॉकरच्या पायांची झिजलेली रबरी टोपणं उपसून नवी बसवू लागल्या.