वीट की साग: वहिनींच्या खोलीचा वाद

आमच्या घरात लग्न आधी झालं आणि खोलीचा विचार नंतर सुचला. सत्तरच्या दशकातल्या नागपुरात यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घर म्हणजे दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकघर, माणसं सात. मे महिन्यात दादाचं लग्न झालं आणि पारशिवनीहून आलेल्या वहिनी थेट आई, काकू आणि माझ्याबरोबर स्वयंपाकघरात झोपायला लागल्या. दादा बाबा-काकांबरोबर बाहेरच्या खोलीत, उकाड्यात अंगणात खाटेवर. नवराबायकोची भेट व्हायची ती ताटावर. "भाजी वाढू?" "वाढ." झाला संसार. वहिनींना दोघांना बसून चार शब्द बोलता येतील अशी जागा हवी होती, बाकी काही नको होतं. त्यांनी तसं तोंडानं कधी सांगितलं नाही, पण मी शेजारीच झोपायची. मला कळत होतं.

मागच्या अंगणात खोली काढायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. कशाची काढायची, तिथं घोडं अडलं. बाबा बांधकाम खात्यात कारकून. आयुष्यात वीट कधी हातात धरली नव्हती, पण विटांच्या फायली धरल्या होत्या, त्यामुळे अधिकार मोठा. धाकटे काका लाकडाच्या डेपोत नोकरीला. सागवानाचा विषय निघाला की त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली यायचा.

"सागाची चौकट उभी करा, फळ्या ठोका, वरून कवेलूचं छप्पर टाका," काका म्हणायचे. "पाया खोदाचं कामच नाही. अन् इटा किती तापतात भाऊ! उन्हाळ्यात पोरगा-सून भाजून निघतीन ना आतमंदी."

"अन् तुह्या फळ्यांले उधई लागली म्हंजे? सुनेले काय भुश्शात झोपवू, गा?"

"सागाले उधई लागत नाही."

"लागते."

वाळवीचं हे भांडण रोज चालायचं. रविवारी पाहणी असायची. कळमेश्वरच्या एका नातेवाइकाकडे लाकडी खोली होती. दोघं तिथं गेले, भिंतीवर टिचक्या मारल्या, पोहे खाल्ले आणि परत आले. मग रामटेकला विटांची खोली पाहिली, तिथंही पोहे झाले. दोन्हीकडून येताना ज्याचं मत जे होतं ते आणखी पक्कं होऊन आलं. दादाला विचारलं तर तो म्हणे, "मले काय, कशाचीबी चालते." एवढ्या धडाडीच्या नवऱ्यासाठी ती बाई माहेर सोडून आली होती! वहिनींना विचारावं, असं मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. माझं डोकं तापायचं. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर आई म्हणाली, "तू अभ्यास कर वं आपला."

आषाढ लागला. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात मुलीला माहेरी नेतात, त्याला आमच्याकडे आखाडी म्हणतात. वहिनींचे वडील न्यायला आले आणि निघताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोरगी परत येईन तवरीक खोली होईन ना?" व्याह्यांनी विचारलं म्हणजे इज्जतीचा सवाल. इतके दिवस जे जमलं नव्हतं ते एका संध्याकाळी जमलं. दोन भिंती विटांच्या, दोन सागाच्या. आमच्या घरात याला समजूतदारपणा म्हणत.

गवंडी बाबांनी आणला, सुतार काकांनी. पावसाची उघडीप मिळेल तसं काम चालू. बाबांनी गिलावा दोनदा करवून घेतला, म्हणून काकांनी फळ्यांना जवसाचं तेल दोनदा पाजलं. खोली खरोखर छान झाली. फक्त दार राहिलं. दाराची जागा विटांच्या भिंतीत होती. बाबांचं म्हणणं, दार लाकडाचं असतं, ते काकांकडे. काकांचं म्हणणं, भिंत बाबांची, मग तिच्यातलं भोकही बाबांचं. माघार कोण घेणार? शेवटी आईनं फुलाफुलांचा पडदा शिवून टांगला आणि खोली तयार झाल्याचं जाहीर झालं.

दादा वहिनींना आणायला पारशिवनीला गेला. तिथं काय झालं ते त्यानंच मला पुढे सांगितलं. वहिनींनी विचारलं, "दार कसं हाय?" हा म्हणाला, "दार नाही बसलं अजून. पण पडदा मस्त हाय." बायको खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

आखाडीहून मुलगी परत येते ती नवं लुगडं आणि पापड-कुरड्यांचे डबे घेऊन. आमच्या वहिनी एका सायकलरिक्षातून उतरल्या आणि मागच्या रिक्षात चौकटीसकट एक दार आडवं घातलेलं होतं. ते एसटीच्या टपावरून आलं होतं. त्यांच्या वडिलांनी राहत्या घरातलं काढून दिलं होतं. सगळा मोहल्ला बघायला जमला. आईला तोंड कुठं लपवू असं झालं. बाबा आणि काका मात्र दारावर वाकले.

"साग नाही हा. ऐनाचं लाकूड वाटते," बाबा म्हणाले.

"ऐन कसा राहीन, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी गवंडी आणि सुतार या दोघांनी कुणालाही न विचारता दुपारपर्यंत दार बसवून टाकलं. जेवणं झाली आणि सगळे अंगणात उभे राहून दार सरळ बसलं की तिरकं, यावर बोलू लागले. वहिनींनी हात पुसले, दादाला म्हणाल्या, "आत या जरा," आणि भर दुपारी, सासू-सासरे, चुलतसासरे सगळ्यांदेखत आतून कडी घातली.

मग काका दाराशी गेले आणि खाकरले.

"पोरी, तुले कोणत्या भिंती बऱ्या वाटतात वं? इटांच्या का सागाच्या?"

इतक्या महिन्यांत वहिनींना कुणी मत विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा. आत दोघं हसत होते. लग्न झाल्यापासून त्या दोघांना एकत्र हसताना मी ऐकलंच नव्हतं.