करीच्या दिवशी मुंबईला...

संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर. करीला आमच्याकडे कुणी प्रवासाला निघत नाही. नव्वदीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात आम्ही मात्र निघालो होतो... पाथरीहून थेट मुंबईला, थीम पार्क बघायला. तो शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. आम्ही त्याला 'मुंबईचे मोठे पाळणे' म्हणायचो.

आम्ही चौघं. मी, बायको रुक्मिण, पाच वर्षांची सोनी आणि माझी माय. लोकांना वाटायचं पोरीसाठी चाललेत. खरं म्हणजे हौस रुक्मिणीची होती. एका कॅलेंडरवर तिने तो उंच पाळणा बघितला होता, आणि लग्नानंतर तिने माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

माझं पाथरीत मोटार वाइंडिंगचं दुकान. हे काम मला कुणी शिकवलं नाही. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडून, आतल्या तारेचे वेढे मोजून, चुकत चुकत मी स्वतः शिकलो, आणि माझी भरलेली मोटार परत जळून आली नाही हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. पण उन्हाळा जवळ आला की विहिरीवरच्या मोटारींची रांग लागते. त्यात दोनदा जाणं रद्द झालं होतं. त्या वर्षीही राहिलं असतं तर रुक्मिणीने पुन्हा विषय काढला नसता... ती भांडली असती तर परवडलं असतं, पण ती भांडणारी नव्हे.

मनमाडहून पुढचं रिझर्वेशन मिळालं ते नेमकं करीचं. माय अडून बसली.

"करीला कुठं निघत असतेत का? लेकरू घेऊन?"

शेवटी तोडगा तिनेच काढला. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या दिवशी आपलं एखादं सामान जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. सामान निघालं की प्रवास सुरू झाला असं धरतात, मग आपण नंतर निघालो तरी चालतं.

लोक एखादं गाठोडं ठेवतात, सुपारी, तांदूळ वगैरे. मी म्हटलं, ठेवायचंच तर कामाचं ठेवू. खाकी कॅनव्हासची मोठी बॅग भरली. स्वेटर, दशम्या, आणि आतल्या चेनच्या कप्प्यात मनमाडहून पुढची तिकिटं... घरी विसरायला नकोत म्हणून! संक्रांतीच्या संध्याकाळी मी आणि माय ती बॅग रहीमचाचांकडे ठेवून आलो. चाचांचं सायकलचं दुकान स्टँडच्या वाटेवर, मागेच घर. मी म्हणालो, सकाळी जाता जाता घेतो. मी पुढे झालो, माय मागे चाचांशी बोलत थांबली.

सकाळी मानवत रोडला जाणारी पहिली एसटी गाठायची होती. तिथून मनमाडची रेल्वे. धुकं असं की समोरचा माणूस खोकला तरच कळावा. चाचांच्या दारात पोहोचलो... आणि दाराला बाहेरून कुलूप.

चाची लेकीकडे गेल्या होत्या हे माहीत होतं. चाचा कुठे गेले? हाका मारल्या, मागच्या गल्लीत जाऊन आलो. खिशात पेचकस होता, कोयंडा काढायला मला किती वेळ लागणार? पण मायने हात धरला.

"दुसऱ्याचं दार हाय ते, बाळू."

रुक्मिणीने सोनीची कानटोपी नीट केली आणि म्हणाली, "चला घरी. पोरगी गारठायली."

तिच्या आवाजात राग नव्हता. ते मला जास्त लागलं.

"मागं न्हाई फिरायचं," माय म्हणाली. "आपण कालच निघालोत. आज नुसतं चालायचंय."

"अगं, तिकिटं बॅगेत हायेत! बिनतिकिटाचं कुठं जाणार?"

"स्टँडवर तर चल." आणि ती काठी टेकत पुढे निघालीसुद्धा. म्हातारीला धुक्यात एकटं कसं सोडणार... गेलो मागे.

स्टँडवर एसटी उभी होती, इंजिन गुरगुरत होतं. आणि बाकावर रहीमचाचा बसलेले. आमची खाकी बॅग मांडीवर, अंगावरची शाल बॅगेवर, आणि स्वतः नुसत्या सदऱ्यात कुडकुडत.

मला बघून म्हणाले, "क्या बाळू, मोटर का एक एक तार गिनता, और घर से निकलने को इत्ती देर?"

"चाचा, बॅग इथं कशी?"

"माँजी बोले थे ना... सामान अब आगेच जाना, पीछे नक्को आना. तुम लोगां घर को आके लेते, तो मेरे को लगा सफर वहींच रुक जाता. मैं आगे लेके आ गया."

"मग खाली ठेवायची की!"

"नीचे रखे तो चलता या नहीं चलता, वो मैं पूछाच नहीं," ते म्हणाले. "इस वास्ते गोद में रखा."

मायने काठी बगलेत धरली आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. कंडक्टरने घंटी मारली, आम्ही चढलो.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मनमाडला गाडी मिळाली, मुंबई दिसली, पाळणा दिसला... कॅलेंडरपेक्षा उंच! मी खालूनच त्याची मोटार कुठे बसवली आहे ते शोधत होतो. पाळण्यावरचा माणूस रुक्मिणीला म्हणाला, बॅग खाली ठेवा. तिने ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसली. वर जाऊन पाळणा थांबला तेव्हा ती हसत होती, आणि दोन्ही हात बॅगेवर होते.

चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. ती बॅगही आता विरली. पण घरातून कुणी लांब निघालं, की सामान दारात टेकवताना माझा हात अजून क्षणभर थांबतो...