पाटीच्या दगडाखाली

माझ्या आत्याच्या यजमानांइतका छपरांचा धसका घेतलेला माणूस साऱ्या निजामी मुलखात दुसरा सापडला नसता. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. कुणाच्याही घरी गेले की मामा घरधन्याच्या तोंडाआधी आढं बघत आणि नेमके दाराच्या चौकटीत बसत. लग्नाच्या पंगतीतही त्यांचं पान उंबऱ्याशी मांडावं लागे. एकदा तहसील कचेरीत साहेबांनी मानानं खुर्ची दिली, तर ती उचलून हे दारात जाऊन बसले. साहेब म्हणाले, "क्यों, भागने का इरादा है?" मामांनी हात जोडले. "न्हाई हुजूर, तुमच्या डोक्यावरल्या तुळईला वाळवी हाय." साहेबांनी मान वर केली आणि उरलेलं काम दोघांनी दारातच उरकलं. लेकीसाठी, म्हणजे आमच्या ताईसाठी, स्थळ बघतानाही पत्रिका इतरांवर सोपवून यांनी मुलाच्या घरच्या तुळया ठोकून पाहिल्या. आम्ही पोट धरधरून हसत असू. पण मामा लहान असताना झडीच्या पावसात मातीचं माळवद भिजून कोसळलं होतं आणि त्यांची आई त्याखाली गेली होती. ते आठवलं की हसू ओसरे.

ताईला दिवस गेले. बाळंतपण माहेरी व्हायचं, तेव्हा मामांनी निलंग्यातल्या राहत्या घराचं माळवदच उतरवलं. माती नको, पत्रा तापतो, कौलं माकडं फोडतात. शेवटी त्यांनी पाटीचा दगड पसंत केला, पोरं मदरशात, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेत, ज्यावर अक्षरं गिरवतात तोच, काळा, पातळ. मी गावच्या मदरशात मास्तर, म्हणून माझं मत विचारलं आणि ऐकलं मात्र नाही. उदगीरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बैलगाडीनं लाद्या आल्या. एकेक लादी कानाशी धरून मामा बोटानं वाजवत, बद्द वाजली की बाजूला टाकत. गवंड्यानं जन्मभर माळवदंच केलेली, त्यानं उतार नावापुरताच ठेवला. छपराचं काम पुरं होईपर्यंत मामांनी लेकीला आणलंच नाही. आणायला निघाले तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

इकडे मृगाआधी घरावर नवी पांढरी माती टाकायची आमची रीत. आत्याला ते उघडं काळं छप्पर बघवेना. मामांची पाठ वळताच तिनं गडी लावून वर वीतभर माती चोपून घेतली. दोनेक दिवसांत झड लागली.

भर पावसात मामांची गाडी आली. गाडीच्या हिसक्यांनी ताईला वाटेतच कळा सुरू झालेल्या. सुईणीनं तिला मधल्या खोलीत नेलं आणि मामांनी सवयीनं वर पाहिलं. तुळई वाकली होती.

"वर काय टाकलंस?"

आत्या रडायलाच लागली. "माती टाकली वो. उघडं घर बघवंना मला."

"पोरीला आता हलवता येत न्हाई," सुईण आतून ओरडली.

मामा माझ्याकडे वळले. "तू लई वाळका हायस. तूच चढ. उभा राहू नको, पोटावर सरकत माती ओढ."

मी चढलो. पहिलं खोरं ओढलं तशी खालून तुळई करकरली आणि मी खोरं तसंच धरून थांबलो. तेवढ्यात अगदी माझ्या पोटाखालून मामांचा आवाज आला, "थांबू नको. आता डाव्या अंगाला." माती ओढलेल्या जागी लाद्यांच्या फटीतून मी खाली पाहिलं. जन्मभर दारात बसलेला हा माणूस खोलीच्या मधोमध, लेकीकडे पाठ करून, खांद्यावरचा वासा तुळईला टेकवून उभा होता.

"बाप्या माणसाचं काय काम हितं?" सुईण खेकसली.

"छपराखाली पोर हाय माझी."

निम्मी माती उतरली तेव्हा करकर थांबली. मग बाळ रडलं आणि छपरावर पालथा पडून मीही रडलो. खाली आलो तर मामा तसेच उभे. वाशावरची त्यांची बोटं आत्याला एकेक करून सोडवावी लागली.

मातीबद्दल ते तिला कधी काही बोलले नाहीत. उलट दर मृगाआधी स्वतः शिडी लावून, आत्याला दिसेल अशी मूठभर पांढरी माती छपराच्या कडेला टाकत. बाकी गावात मात्र ते शेवटपर्यंत उंबऱ्यातच बसले.

मामा गेले, त्यानंतरच्या मृगाआधी आत्यानं मला बोलावलं. शिडी तिनं आधीच लावून ठेवली होती.

"मूठभरच टाक बाबा," ती म्हणाली. "जास्त नको. त्यांना खपायचं न्हाई."