नडगीतलं मत्स्यबीज

गोंदियाच्या दवाखान्यात मी बसलो तसा बाक हलला. शेजारचे नवेगाव बांधचे मासेमार काका नडगीवर हात ठेवून कळवळले, "हळू बस ना बावा! आत बीज वाढून राहिलं."

मोडलेल्या नडगीत डॉक्टरांनी सिरॅमिकचा सच्छिद्र तुकडा बसवला होता. त्याच्या भोकाभोकांत हाडाच्या पेशी वाढतात, हे काका भेटेल त्याला कौतुकानं सांगत.

एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "हाड छान भरलं. कुबडी सोडा."

काका उठेनात.

"काऊन बसून राहिले जी?" काकूंनी विचारलं.

"तळ्यात माशांचं बीज सोडलं का लगेच जाळं टाकतो काय आपण?"

काकूंनी कुबडी उचलून स्वतःच्या काखेत मारली आणि दाराकडे निघाल्या. "मासे मोठे झाले म्हणते ना डॉक्टर! आता का बगळ्यायसाठी ठेवता?"

पहिलं पाऊल काकांनी तळ्यात उतरल्यासारखं अलगद टाकलं. दुसरं मात्र काकूंच्या मागे, हसत हसत.