बोटावर दोन वळसे

सिंदी रेल्वे या गावातल्या एका जिनिंगमध्ये चंद्रभान एकतीस वर्षं कापूस पारखायचा. गाडी फाटकातून आत आली की हा मधूनच मूठभर कापूस उपसायचा, तंतू चिमटीत ओढायचा, उजव्या तर्जनीवर ठेवून अंगठ्यानं एकदा चोळायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "एकोनतीस मिलीमीटरचा धागा हाय. पन वजनासाठी सकाळी पानी मारलं याच्यावर." पाणी मारणारा मग टोपी सारखी करत दुसरीकडे बघायचा. पुढे ओलावा मोजायचं यंत्र आलं, तेव्हा पहिला हंगामभर यंत्र बरोबर सांगतं की नाही, हे शेठजी चंद्रभानच्या बोटाला विचारत होते.

मी रूपराव. रेल्वेच्या फाटकावर नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता कुणी विचारलं नाही तरी मत देतो. चंद्रभानची आणि माझी दोस्ती गळाची. सेलूच्या रस्त्याला लागलं की डावीकडे एक जुना तलाव आहे, तिथे दर रविवारी आम्ही दोघं सायकलींवर जायचो. काठी, चरखी असले श्रीमंती चोचले आमच्याकडे नव्हते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, गुंडाळलेली, टोकाला शिसं आणि गळ, गळाला कणकेची गोळी, तिच्यात चिमूटभर हिंग. गळ फेकला की दोरी तर्जनीवर घेऊन बसायचं. एवढाच खेळ.

मासा दोरी ओढून न्यायला लागला की आमच्यासारख्यांना कळतं. चंद्रभानला मासा नुसता जवळ आला तरी कळायचं. डोळे मिटून बसलेला असायचा आणि हळूच म्हणायचा, "शिंगाळा हाय. मिशा घासून राह्यला. मोठ्यानं बोलू नको बे." थोड्या वेळानं खरोखर शिंगाळाच निघायचा. माझा जळफळाट व्हायचा, लपवत नाही. पण त्या बोटाचा मला अभिमानही तेवढाच होता. बाजारात कुणी चंद्रभानचं नाव काढलं की मी त्या बोटाच्या गोष्टी स्वतःच्या असल्यासारख्या सांगायचो.

मग त्याला शुगर निघाली. आधी पाय बधिर झाले, त्याचं त्यानं काही वाटून घेतलं नाही. एका सकाळी टपरीवर उकळत्या चहाचा काचेचा ग्लास त्यानं मुठीत असा काही धरला की चहावाला ओरडला. हातावर फोड आले होते आणि हा आरामात फुंकर मारून चहा पीत होता. जिनिंगमध्ये जाणं बंद झालं. विचारलं तर म्हणाला, "मशीन आली ना आता." तलावावर त्याच्या गळाची कणीक मासे खाऊन जायचे आणि गळ कोराच वर यायचा. त्यावर म्हणाला, "मासोया हुशार झाल्या." मग रविवारी येणंही थांबलं.

तिसऱ्या रविवारी मी भांडायच्या तयारीनं त्याच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. हातात कापसाचा पुंजका होता आणि तो चोळत होता, पुन्हा पुन्हा, जसं काही हरवलेलं त्यातच सापडणार होतं. मला बघून म्हणाला, "रूपा, बोट मेलं रे." त्याची बायको देवकाबाई दारात उभी होती, ती आत निघून गेली. मी आलो तसा परत फिरलो, भांडण तसंच घेऊन.

पण हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं नागपूरला गेलो आणि गळाचं सामान विकणारं दुकान शोधलं. दुकानदाराला म्हटलं, बोटाला कमी कळतं अशा माणसासाठी काही आहे का? त्यानं विणलेला दोरा काढला. म्हणाला, "काका, तंगूस ताणली जाते. मासा तिकडे तोंड लावतो आणि अर्धी खबर वाटेतच मरते. हा दोरा ताणतच नाही. तिकडे टिचकी, इकडे टिचकी." आठ पदरी दोरा गुळगुळीत होता, चार पदरी खरबरीत. त्याचं म्हणणं, आठ पदरी घ्या, जरा जाड घ्या आणि हा हातमोजाही घ्या, कारण हा दोरा बोटाला कधी गुंडाळायचा नाही, कापतो.

मी म्हटलं, "हातमोजा घातल्यावर कळणार काय, कप्पाळ?" खरबरीत दोरा बोटाला जास्त जाणवेल आणि बारीक दोरा त्याहून जास्त, असा हिशेब करून मी चार पदरीतला सगळ्यात बारीक निवडला. हातमोजा घेतला नाही. परत येताना गाडीत मी स्वतःवर इतका खूश होतो की शेजारच्या अनोळखी माणसालाही तो दोरा दाखवला.

रविवारी चंद्रभानला जवळजवळ ओढतच तलावावर नेलं. कोऱ्या बाटलीवर हा दोरा घसरतो, म्हणून आधी चिकटपट्टी लावली, मग घट्ट गुंडाळला. गळ बांधताना दोरा दुहेरी घेतला, गाठ थुंकीनं ओली केली, सगळं दुकानदारानं सांगितलं तसं. चंद्रभान हसत होता. "अबे, हा तं देवकाच्या शिलाई मशीनीचा धागा आनला तू!" मी म्हटलं, "तोडून दाखव." त्याला तुटला नाही. मग त्यानं गळ टाकला, दोरा बोटावर घेतला आणि आम्ही दोघं वाट बघत बसलो.

वीसेक मिनिटांनी तो म्हणाला, "लागली!" आणि झटका मारला. अर्ध्या किलोचा रोहू होता.

"समजलं ना बे? बोटाले समजलं ना?" मी त्याला गदगदा हलवलं.

तो एक क्षण माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "समजलं ना. सरसर आलं, पार कोपरापर्यंत."

मी त्या काठावर नाचलो. पासष्टीचा माणूस, धोतर सांभाळत नाचलो. संध्याकाळी बाजारात भेटेल त्याला सांगितलं, चंद्रभानचं बोट जागं झालं म्हणून.

पुढचे चार महिने आमचे फार सुखाचे गेले. एकही रविवार चुकला नाही. त्याला पूर्वीइतके मासे लागत नव्हते, पण लागत होते. एकच बदल झाला होता. पूर्वी तो डोळे मिटून बसायचा, आता दोऱ्याचे दोन वळसे बोटावर घेऊन एकटक बोटाकडे बघत बसायचा. मी चिडवलं, "नव्या नवरीनं अंगठी पाहावं तसा काऊन पाहून राह्यला?" तो म्हणाला, "जुना दोस्त वापस आला. पाहू नाई का त्याले?" वळशांवरून एकदा मी टोकलंही होतं, "गुंडाळू नको, कापते म्हनतात." त्यावर तो हसला. "कापलं तं समजन ना बे मले." मलाही ते पटलं. दुकानदाराचं बोलणं मी तिथेच सोडून दिलं.

मार्च महिना होता, उन्हं तापायला लागली होती. दहाच्या सुमारास चंद्रभानचा हात एकदम पुढे खेचला गेला आणि तो उभाच राहिला. दोरा पाणी कापत तलावाच्या मध्याकडे चालला होता. "रूपा, बेजा मोठा हाय!" तो ओरडला. दूर पाण्यावर एकदा पाठ दिसली. कतला होता, इतका मोठा कतला त्या तलावात मी कधी पाहिला नव्हता. मी उड्या मारत ओरडलो, "सोडू नको! सोडला तं पाह्यजो!"

त्यानं सोडला नाही. गुडघाभर पाण्यात शिरला, मागे रेलला, हसत होता. कितीतरी महिन्यांनी तो असा हसत होता. मीही ओरडतच होतो, आणि मग मला त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही लाल दिसली. कोपरावरून थेंब पाण्यात पडत होते. दोरा बोटात शिरला होता, पार आत.

"चंद्रभान, हात पाह्य!"

त्यानं हाताकडे बघितलं, दुसऱ्या कुणाचा हात असावा तसं. मी दातानं दोरा तोडायला गेलो, तो तुटेना. कणकेच्या डब्यातली सुरी आणून कापला. मासा उरलेला दोरा घेऊन गेला.

"दुखते का?" मी विचारलं.

"दुखते ना," तो म्हणाला. पण मी विचारेपर्यंत त्यानं वाट पाहिली होती, हे मला तेव्हाही कुठेतरी खटकलं.

टाके घातले, पण शुगरवाल्याची जखम भरते कुठे? आठ दिवसांत बोट काळं पडलं. नागपूरला नेलं. बोट काढलं, मग मनगटापासून हात काढला, ताप मात्र निघाला नाही. मी एक दिवसाआड जाऊन बसायचो. शेवटच्या वेळी गेलो तेव्हा त्यानंच विषय काढला. "कतला किती किलोचा असन बे?"

"बारा तं असनच."

"समजला होता मले," तो म्हणाला. "पुरा समजला होता." दोन दिवसांनी तो गेला.

तेरवीचं जेवण झालं, पाहुणे पांगले. मी देवकावहिनीसमोर जाऊन बसलो. दोन आठवडे जे तोंडाशी येत होतं ते बोलून टाकलं. "वहिनी, तो दोरा म्याच आनला. दुकानदारानं हातमोजा देल्ला होता, तो म्या नाई घेतला. सोडू नको म्हनून म्याच ओरडलो. तुमी मले काईबी बोला."

त्या उठल्या. आत जाऊन ती बाटली घेऊन आल्या आणि माझ्यासमोर ठेवली. हातभर दोरा शिल्लक होता.

"भाऊजी, त्यायच्या बोटाले काईच समजत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून नाई."

मला कळेचना. "मंग मासोया कशा लागत?"

"दोरा तनला का बोट पांढरं पडे. ते डोयानं पाहत. म्हनून तं वळसे घेत, दोन दोन." त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या म्हनलं, भाऊजीले सांगून द्या, नाई समजत म्हनून. तं म्हनत, 'रूपा नागपूरवरून घेऊन आला. काठावर नाचला तो. आता कसं सांगू? त्याले वाटते बोट जितं झालं, तं राहू दे जितं.' मले शपथ घातली होती. म्या बी नाई सांगतलं, भाऊजी. तुमी येकटे नाई."

मी दोऱ्याचं सुटं टोक बाटलीवर गुंडाळलं आणि उठलो.

बाटली घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसून दोऱ्याचं टोक खाटेच्या पायाला बांधलं. उजव्या तर्जनीवर दोन वळसे घेतले, त्यानं घ्यायचा तसे, आणि ओढलं. बोट पांढरं पडलं. लगेच इतकं दुखलं की डोळ्यांत पाणी आलं आणि हात आपोआप सुटला. मला दुखलं, चंद्रभान. पहिल्याच ओढीला दुखलं रे.