पेणचं मिठागर, वरसेची भिंत आणि ‘येऊ का?’

“तू ते ब्लॉगवर लिहितोस ना, ज्याची जागा त्याची मर्जी म्हनून? ते तुजं तत्त्व घेऊन ये हिकडं. त्या मर्जीनं माजी वाट बंद केलीय.”

जानेवारीतल्या एका सकाळी ताईचा हा फोन आला आणि माझी पेण-रोह्याची सहल ठरली. ताई माझी सख्खी मोठी बहीण. लग्न होऊन रोह्याजवळच्या वरसे गावात गेली आणि तिथलीच होऊन गेली, बोलण्यासकट. मी मात्र पुण्यात राहिलो. इथल्या जुन्या वाचकांना माझं खूळ माहीत आहेच. शहरं नकाशावर आखून बनत नाहीत, माणसं वावरता वावरता ती घडतात, सरकारनं त्यात जितकं कमी लक्ष घालावं तितकं बरं, असं माझं पक्कं मत आहे. आमच्या घराजवळच्या बागेत फाटकावर पाटी आहे: खेळू नये, पळू नये, डबा खाऊ नये, हिरवळीवर बसू नये. मग बाग केली कशाला, असं मी रखवालदाराला रोज विचारतो. तो आता मला पाहिलं की केबिनमध्ये जातो.

तर निघालो. सरळ रोह्याला न जाता एक दिवस पेणला थांबायचं ठरवलं. पुण्याहून खोपोलीमार्गे एसटीनं गेलात तर खिडकी पकडा, घाट उतरताना हवा बदलते ती अंगाला कळते. पेणच्या स्टँडवर उतरून चहा प्यायलो, पोह्याचे पापड घेतले (ते परतीच्या दिवशी घ्या, माझ्यासारखे आधी घेऊन चुरा करू नका) आणि गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत शिरलो.

काय सांगू, जीव हरखला! गणपतीला अजून कितीतरी महिने, पण कच्च्या मूर्ती उन्हात वाळायला थेट रस्त्यावर. मोटारसायकलवाले सोंडांच्या मधून नागमोडी जात होते. कोणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. एका कारखानदाराला विचारलं, “रस्त्यावर ठेवता, कोणी काही म्हणत नाही?”

“म्हनतात ना. जरा आत घ्या म्हनतात. घेतो आम्ही आत.”

“मग?”

“ते गेले की परत बाहेर. ऊन काय आत येतं काय?”

मी त्याचा हात हातात घेऊन हलवला. माझं अख्खं तत्त्वज्ञान त्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. तो मात्र माझ्याकडे जरा संशयानं बघत राहिला.

दुपारी रिक्षा करून खाडीकडे गेलो. रिक्षावाल्याला थांबवून ठेवा, तिकडून परत यायला काही मिळत नाही. मिठागरं आता थोडीच उरलीत, पण आहेत. पाण्याचे चौकोन, मधून अरुंद बांध, वर रणरणतं ऊन. फोटो काढायच्या नादात मी बांधावरून एक पाय खाली टाकला मात्र...

“ओ पाव्हनं! इचारून पाय टाका!”

असा ओरडा मी शाळा सुटल्यापासून खाल्ला नव्हता. एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यापर्यंत चिखलाळलेले, तरातरा आले. मी पाय टाकला होता त्या वाफ्याचा तळ त्यांनी पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत केला होता. त्यात माझ्या बुटाचा हा एवढा खड्डा. आता तिथलं मीठ मातकट येणार. मी दहादा माफी मागितली. “जाऊंदे,” म्हणाले, “तुमाला काय म्हाईत.” आणि खाली बसून तळहातानं तो खड्डा सारखा करू लागले.

तेवढ्यात त्यांची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. बांधाच्या टोकाला उभी राहिली आणि हाक दिली, “येऊ का वो?”

“ये,” म्हाताऱ्यांनी मान वर न करता सांगितलं. मग ती आली.

मला हसू आलं. “अहो, त्या तुमच्या घरच्याच ना? त्यासुद्धा विचारतात?”

“मंग? कुठला वाफा वला, कुठला तयार, ते जो राबतो त्यालाच ठावं. आमच्याकडं समदीच इचारतात. माजा बाप माजे आजाला इचारायचा.” त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. सोबत सुक्या जवळ्याची चटणी. रात्री लॉजवरच्या थाळीत ती चव शोधत बसलो, मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणहून रोह्याची पॅसेंजर. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून जा, आणि स्टेशन बाजारपेठेपासून लांब आहे हे लक्षात ठेवा. गाडी मात्र फार गोड. नागोठणं गेल्यावर निडीला एक बाई वालाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन चढल्या आणि माझ्यासमोर बसल्या. बाहेर भात कापून झालेली शेतं पसरली होती आणि त्यांतून तिरप्या, मळलेल्या पायवाटा थेट गावांपर्यंत गेल्या होत्या. मी विचारलं, “मावशी, ही शेतं कोणाची?”

“ज्याची हायत त्याची.”

“मग त्यातून सगळे चालतात कसे?”

“भात कापला की चालायला समद्यांची. पोरं तिथंच खेळतात, गुरं चरतात.”

“आणि वाल पेरला असला तर?”

“मग बांधावरनं जायचं. येवढं कळतं की मानसाला.”

“मालकाला विचारावं लागत नाही?”

त्या अशा हसल्या की शेंगांचं गाठोडं हललं. “इचारायचं काय त्यात? रानच ते!”

वाचकहो, मी तर विरघळलोच. अर्धं वर्ष खाजगी, अर्धं वर्ष सार्वजनिक, आणि पाटी एकही नाही. रोह्याला उतरेपर्यंत माझा लेख मनात लिहून तयार होता. कुंडलिकेच्या काठी थोडा वेळ बसलो, गरम भजी खाल्ली आणि रिक्षानं वरसेला पोचलो. ताईनं पाणीसुद्धा दिलं नाही. हाताला धरून मागच्या दारी नेलं.

“बघ.”

ताईच्या परसाला लागून पूर्वी भातशेत होतं. आता तिथे भराव, त्यावर नवंकोरं घर, आणि ताईच्या बाजूला डोक्याएवढी विटांची भिंत. भिंतीपलीकडे, त्या घराच्याही मागे शालनचं घर. शालन म्हणजे ताईची जिवाभावाची मैत्रीण. दोघी लग्न होऊन या गावात आल्या त्याच वर्षी. भात कापला की ताई तिरपी त्या शेतातून जायची, पावसाळ्यात बांधावरून. पण गेली ती रोज. गेल्या पावसात शालन पडली, कमरेचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती अंथरुणातच. मुलगा-सून दोघं कामावर. दुपारी ताई जायची, तिला उठवून बसवायची, भरवायची, गावच्या कागाळ्या सांगायची. दिवाळीनंतर ही भिंत उभी राहिली. आता जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा, कंपन्यांचे ट्रक चुकवत, आणि ताईचे गुडघे तर कधीचेच गेलेले.

“रिक्षा मिळाली त्या दिवशी जाते. नाय मिळाली की ती बाय दुपारची तशीच. सून डबा ठेवून जाते, पन ती हात लावत नाय. ‘तू येत नाय गो,’ म्हनते. काय सांगू तिला मी?” ताईचा आवाज फुटला. ताईला रडताना मी फार कमी वेळा पाहिलंय.

आणि तरीसुद्धा, माझं मेलं तत्त्व जिभेवर आलंच. “पण ताई, जागा त्याची. कायद्यानं, न्यायानं...”

“म्हनून तर तुला बोलावला. तुज्यासारखाच हाय तो. जा, बोल तुज्या भाषेत.”

“पंचायतीत काही...”

“शेजाऱ्यावर अर्ज करतात काय रे?” ती उसळली. एवढ्यावर मात्र आमचं एकमत होतं.

त्या घराचा मालक प्रकाश. डोलवीच्या कंपनीत कंत्राटावर फिटर. शिफ्ट करून आला होता, डोळे लाल, तरी मला खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितला. मी ताईचा भाऊ म्हटल्यावर जरा आखडला. मी आधीच सांगून टाकलं, “हे बघा, मी तुमच्या बाजूचा आहे. जागा तुमची, भिंत तुमची.”

तो हळूच म्हणाला, “भिंत मलापन आवडत नाय.”

“मग?”

“बांधकाम चालू होतं तवा अख्खा गाव ह्यातनं गेला. इटांवरनं गेला, वल्या कोब्यावरनं गेला. म्हशी गेल्या, स्कूटर गेल्या. मी हितंच उभा असायचो. येकानं म्हनून ‘येऊ का’ म्हटलं नाय. कोन म्हनजे कोन नाय. आमाला वाटलं, ह्ये लोक आमाला मानसात धरीतच नाय.”

‘येऊ का.’ माझा कप हातातच राहिला.

“प्रकाश, तुम्ही मूळचे कुठले?”

“पेनचे खाडीवरचे. बाप मिठागरावं.”

ज्या दोन रीतींना मी दोन दिवस मनातल्या मनात आरत्या ओवाळत आलो होतो, त्याच दोघींनी मिळून ही भिंत बांधली होती. एकीत विचारणं म्हणजे माणुसकी, दुसरीत न विचारणं म्हणजे आपलेपणा. नगररचनेचा साहेब नाही, सरकार नाही, नियम नाही. सगळं माझ्या मनासारखं होतं आणि त्यात एक म्हातारी दुपारची उपाशी राहत होती.

ताईला येऊन सांगितलं तर ती भडकली. “इचारायचं? परक्यासारखं? आम्ही त्याला गावचा समजून चाललो, नि तो म्हनतो इचारलं नाय!”

“ताई, मिठागरावर बायको नवऱ्याला विचारते. डबा घेऊन उभी राहते आणि म्हणते, येऊ का वो.”

“हट्!”

“शपथ. कालच बघितलं. आणि मी न विचारता पाय टाकला तर खड्डा पडला, तो म्हातारा हातानं बुजवत बसला होता.”

ताई तांदूळ निवडत राहिली. मग एकदम फिसकन हसली. “नवऱ्याला? आनि तो नाय म्हनला तर? उपाशीच?” हसता हसता डोळे पुसले. विषय तिथेच संपला असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर पेंगत होतो. ताई आतून आली ती ठेवणीतलं पातळ नेसून, केसांत अबोलीचा गजरा. “कुठे?” विचारेपर्यंत ती पायऱ्या उतरली होती. मी पायांत चपला सरकवून मागे निघालो. मोठ्या रस्त्याला लागली, दर थोड्या अंतरावर गुडघ्यावर हात ठेवून थांबत, ट्रकांची धूळ खात, अख्खा वळसा घालून ती प्रकाशच्या पुढच्या फाटकापाशी उभी राहिली. फाटक उघडंच होतं. आत नाही गेली.

“प्रकाश! येऊ काय रे?”

तो बनियनवरच बाहेर धावला. ताईला, तिच्या गजऱ्याला, तिच्या धुळीनं भरलेल्या पायांना बघून तो गडबडला. “ताई, येवढं लांबनं... या ना, या!”

“शालनकडं जायचं हाय. रोज जायचं हाय. तुज्या जागेतनं वाट देशील?”

तो म्हणाला, “दिली.” आणि बायकोकडे वळून, “खुर्ची आन गो, ताईंचं पाय बघ.” मी उगाच ट्रकांकडे बघत बसलो.

त्याच संध्याकाळी प्रकाशच्या अंगणात पोपटी लागली. हिवाळ्यात इकडे येऊन पोपटी न खाता जाणाऱ्याला मी प्रवासी म्हणणार नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा आणि जाडं मीठ. मीठ प्रकाशच्या बापाच्या हातचं. मडकं रचलं ताईनं, कारण तिच्याइतकं घट्ट कोणाला जमत नाही. उपडं ठेवून भोवती पेंढा-लाकडं पेटवली. थोड्या वेळानं ताईनं वर पाणी शिंपडलं, चर्र झालं, आणि शेजारपाजार गोळा झाला. ताईनं बजावल्यामुळे आज मात्र जो तो फाटकाशी थबकून “येऊ का?” विचारत होता आणि प्रकाश प्रत्येकाला “या, या” म्हणून म्हणून घोगरा झाला. पहिली ताटली घेऊन ताई पलीकडे शालनकडे गेली. ती परत यायला रात्र झाली.

मी निघालो त्या सकाळी गवंडी भिंतीच्या विटा काढत होता. तिथे छोटंसं दार बसणार होतं. “कडी माज्या बाजूला ऱ्हाईल,” प्रकाश जरा चाचरत म्हणाला. मला वाटलं ताई पुन्हा उसळणार. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे की. दार वाजवीन.”

पुण्याला परतलो. पापडांचा चुरा झाला होता, तो तसाच तळून खाल्ला. रेल्वेत मनात लिहिलेला लेख काही उतरेना. ज्याची जागा त्याची मर्जी, हे मी अजूनही म्हणतो. पण मर्जी ही दारावर वाजवून मागायची गोष्ट आहे, हे मी इतकी वर्षं लिहिलंच नव्हतं. रखवालदाराला परवा म्हटलं, “हिरवळीवर बसू का?” तो इतका गोंधळला की “बसा” म्हणाला.

काल ताईचा फोन. प्रकाशला पाण्याची मोठी टाकी आणायची होती, त्याच्या फाटकातून टेंपो शिरेना. तो ताईच्या अंगणातून परसात नेऊन टाकी भिंतीवरून पलीकडे उतरवायची होती.

“पायरीखाली उभा ऱ्हाऊन इचारतो, ‘ताई, येऊ का?’ मी म्हटलं, अरे मेल्या, इचारतोस काय? वाट हाय ती!”

“मग?”

“मग काय, हलतो कुठं? टेंपोवाला हॉर्न मारतोय, हा आपला हात जोडून उभा. मी ‘ये’ म्हनेपर्यंत हलला नाय.”

“म्हणालीस?”

“म्हनले बाबा.” तिच्या आवाजात हसू होतं. “चल, ठेव फोन. शालनचं जेवन थंड होईल. मला अजून दार वाजवायचंय.”