हार छापण्याआधीचा फोन

आमच्या सांजदैनिकात इंग्रजी बातम्या मराठीत आणणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे, अगदी संपादकसुद्धा. एकोणतीस वर्षं एकच खुर्ची, खिडकीजवळची, एक हात मोडलेली. स्वभाव असा, की वाऱ्यानं कागद उडाला तर पंख्यालाही चार शब्द सुनावतील.

एका इंग्रजी वाक्प्रचारावर त्यांचा दात होता. मुष्टियुद्धात आपला गडी फारच मार खायला लागला की त्याचा प्रशिक्षक रिंगणात टॉवेल फेकतो. त्यावरून हार मानणं म्हणजे टॉवेल फेकणं. हल्ली ऊठसूट कोणीही तो फेकतं, मावशी कुरकुरायच्या. कंपनी फेकते, मंत्री फेकतो, डाएट सोडणारी नटीही फेकते. खरंच कोण हरलं, याचा लिहिणाऱ्यालाच पत्ता नसतो. म्हणून त्यांचा नियम होता: जो हरला म्हणतात, त्याला फोन केल्याशिवाय तसं छापायचं नाही. आम्ही पाठीमागे हसायचो.

एके दिवशी बातमी आली. रुग्णालयातल्या परिचारिकांनी संपाच्या अकराव्या दिवशी टॉवेल फेकला होता. मी ‘संप बारगळला’ असा मथळा देऊन मोकळा झालो. पान सुटायला वीस मिनिटं होती आणि मावशींनी फोन उचलला.

संपादक येऊन उभे राहिले. भाषांतराचं काम कॉम्प्युटर चुटकीसरशी करतो, असं ते महिनाभर ऐकवत होतेच. आता म्हणाले, पान अडलं तर उद्यापासून घरी बसा. तीनदा फोन लागला नाही. घाम मला फुटला, मावशींना नाही. चौथ्यांदा परिचारिकांच्या पुढारी बाईंनी उचलला. दोन मिनिटं ऐकून मावशींनी रिसीव्हर संपादकांपुढे धरला.

"‘तुम्ही हरलात’ हे तुम्हीच सांगा त्यांना. मी नाही सांगणार."

पलीकडून कळलं ते असं: अपघातातले जखमी आले म्हणून बारा जणी आत गेल्या होत्या, उरलेल्या तीनशे फाटकावरच होत्या. हरल्याचं छापून आलं असतं, तर संध्याकाळपर्यंत निम्म्या घरी गेल्या असत्या.

संपादकांनी माझा मथळा स्वतःच्या हातानं खोडला. पान सात मिनिटं उशिरा सुटलं.

तीन दिवसांनी बातमी आली, की व्यवस्थापनानं टॉवेल फेकला. मावशींनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मुकाट्यानं व्यवस्थापकांना फोन लावला.

"सगळ्या मागण्या मान्य केल्यात," ते करवादले. "लिहा काय लिहायचं ते."

मला इतका आनंद झाला, की मी उभाच राहिलो. मावशी मोडक्या हाताच्या खुर्चीत ऐसपैस टेकल्या.

"आता लिही, हरले म्हणून. चांगलं मोठ्या अक्षरात."